फार्माकॉलॉजी, टॉक्सिकॉलॉजी, एन्व्हायर्न्मेंटल हेल्थमध्ये पुढं शिकायचंय? मग सांगलीत बसून आधी एवढं उरका

बी. फार्म. झालं की आपल्याकडं दोनच प्रश्न येतात, मेडिकल कधी टाकणार नाहीतर एमआर म्हणून कुठं लागणार. ज्यांना दोन्ही करायचं नाही, ज्यांना औषध (फार्माकॉलॉजी) आणि विष (टॉक्सिकॉलॉजी) शरीरात नेमकं काय करतं, नाहीतर भोवतालच्या हवा-पाणी-रसायनांचा तब्येतीवर काय परिणाम होतो (एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ), यातच पुढं शिकायचंय, इथं नाहीतर बाहेर, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सांगली, मिरज, तासगाव, कराड इकडच्या पोरापोरींना डोळ्यापुढं ठेवून लिहिलंय, त्यामुळं पुण्या-मुंबईवाल्यांनी आपापलं बघून घ्या.

पहिलं काम म्हणजे आपला प्रश्न ठरवा, फॉर्म आणि क्लास नंतर. "मला रिसर्चची आवड आहे" हे एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या 'मला हेच का शिकायचंय' या निबंधात, सगळेच लिहितात आणि वाचणारा कंटाळलेला असतो. आपल्या भागात प्रश्नांना तोटा नाही हो. द्राक्षाचंच घ्या, ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईड या रसायनाचं पेस्टिंग करतात, म्हणजे लेप लावतात, आणि पेस्टिंग केलेल्या माणसानं संध्याकाळी दारू घेतली तर तोंड लालबुंद, छातीत धडधड, मळमळ, डोकं फुटायची वेळ. लेबलवरही दारू टाळा असं असतं. का होतं? दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाईड होतं, ते पुढं मोडायचं काम अल्डिहाईड डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम करतं, आणि सायनामाईड नेमकं तेच अडवतं, म्हणजे दारू सोडवायला देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीचाच प्रकार. आता बघा, मेकॅनिझम फार्माकॉलॉजीची, एक्स्पोजर शेतातलं, आणि त्रास रोजंदारीवर आलेल्या माणसाला. हे विषय एकत्र का शिकायचे याचं उत्तर त्यातच आलं, वेगळा परिच्छेद लिहायची गरज नाही.

द्राक्ष नको असेल तर ऑर्गनोफॉस्फेट हा कीटकनाशकांचा गट घ्या. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ते आठवत असेल, कोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाचं एन्झाइम अडतं, मग उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन, प्रालिडॉक्सिम, हे आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि सोडून देतो. घरी बाग असेल तर एक सोपं काम आजच करा, वर्षभराचं फवारणीचं शेड्यूल वहीत उतरवा, ब्रँडच्या नावाखाली अ‍ॅक्टिव्ह इन्ग्रेडियंट काय, किती घेतलं, काढणीआधी किती दिवस थांबायचं, आणि बाटलीवरचा त्रिकोण कुठल्या रंगाचा. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग शोभेला नाहीत, ते तोंडावाटे आणि कातडीवाटे काढलेल्या एलडी ५० वरनं, म्हणजे ज्या डोसला प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात त्यावरनं, ठरतात, लाल म्हणजे तोंडावाटे वजनाच्या किलोला ५० मिलीग्रॅमपर्यंत, हिरवा ५००० च्या पुढं. पुस्तकातली एलडी ५० गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली असते ती अशी. पण उत्साहाच्या भरात मजुरांच्या रक्ताचे सॅम्पल घ्यायला बांधावर जाऊ नका. एथिक्स कमिटीची परवानगी नसेल तर तो डेटा कुठंच चालत नाही, आणि ते बरोबरही नाही.

दुसरं, कुठल्या रस्त्यानं जायचं. इथंच शिकायचं तर जीपॅट, म्हणजे एम. फार्म.ची प्रवेशपरीक्षा. १२५ प्रश्न, ५०० मार्क, चुकलं की एक वजा, २०२४ पासून ही परीक्षा एनबीईएमएस हे वैद्यकीय परीक्षा मंडळ घेतं. फक्त फार्माकॉलॉजीवर निघत नाही, केमिस्ट्री आणि फार्मास्युटिक्स मिळून त्याहून जास्त येतं, म्हणून आवडीचा विषय आधी आणि नावडता शेवटी हे करू नका, उलटं करा. जीपॅट क्वालिफाय होऊन एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यतेच्या कॉलेजात एम. फार्म.ला गेलात तर महिना १२,४०० रुपये स्कॉलरशिप असते, पण कॉलेजनं पोर्टलवर वेळेत नाव चढवायला पाहिजे, त्यामागं आपणच लागायचं. नायपर या केंद्राच्या औषधशास्त्र संस्थांत फार्माकॉलॉजी अँड टॉक्सिकॉलॉजी आहे, त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा, नायपर जेईई, वेगळी. बी. एस्सी.वाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, एम. एस्सी. करून सीएसआयआर नेट ही पात्रता परीक्षा किंवा आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषदेची) जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, काढली की लखनौचं आयआयटीआर, जे १९६५ पासून विषशास्त्रावरच काम करतंय, किंवा कामगारांच्या आरोग्यावरचं अहमदाबादचं एनआयओएच, पर्यावरण आणि आरोग्यावरचं भोपाळचं एनआयआरईएच अशी दारं आहेत.

अमेरिकेचं गणित वेगळं आहे आणि इथं पोरं पैशात फसतात. पीएच. डी.ला बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ आणि वर स्टायपेंड, मास्टर्स आणि एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स) मात्र खिशातनं, म्हणजे कर्ज. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही, वेबसाइटवर एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची टी ३२ ट्रेनिंग ग्रँट मोठ्या अक्षरात दिसते पण ती तिथल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळते. त्यामुळं प्रोग्रॅमला सरळ मेल टाकून विचारा, इंटरनॅशनल स्टुडंटला पैसे कुठनं देता, टीएशिप (शिकवायला मदत), आरएशिप (संशोधनाला मदत) की फेलोशिप? गोल गोल उत्तर आलं तर समजून जा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विद्यापीठांनी काढून टाकलीय, प्रत्येकाचं पान उघडून बघा, उगाच फी भरू नका. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर दोन वर्षं चालतो, म्हणून फार आधी देण्यात अर्थ नाही. बी. फार्म. चार वर्षांचं आहे म्हणून अडत नाही, तीन वर्षांच्या बी. एस्सी.ला काही ठिकाणी अडतं.

आता हाताला वळण. बी. फार्म.ला प्राण्यांवरचे प्रयोग बहुतेक कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरवरच होतात, त्यामुळं डोस रिस्पॉन्स कर्व्ह (डोस वाढला की परिणाम किती वाढतो त्याचा आलेख) काढता येतो पण पिपेट धरताना हात थरथरतो. आठव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट कॉपी-पेस्ट करू नका एवढीच विनंती. प्राणी लागणार असतील तर आयएईसीची, म्हणजे कॉलेजच्या प्राणी-प्रयोग एथिक्स कमिटीची, मंजुरी लागते, त्यासाठी फॉर्म बी भरावा लागतो, कमिटीची मीटिंग कधी आहे ते आधी विचारा, नाहीतर सेमिस्टर संपतं आणि उंदीर पिंजऱ्यातच. प्राणी नको असतील तर कल्चर प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी, झेब्राफिश हा छोटा मासा, नाहीतर नुसता डेटा, काहीही चालतं, पण स्वतः केलेलं पाहिजे. आणि त्याच सेमिस्टरचं बायोस्टॅटिस्टिक्स, जे सगळे काठावर पास होऊन विसरतात, ते नीट करा, त्यासाठीचं आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. एन्व्हायर्न्मेंटल हेल्थमध्ये रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम ते काढायची संख्याशास्त्रातली रीत) येत नसेल तर काही खरं नाही.

कागदपत्रांचं बोलू, कारण रखडतं ते इथंच. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडलांचं, शेवटी आईचं, आणि पासपोर्टवर भलताच क्रम. सगळीकडं एकच स्पेलिंग आहे का ते आज रात्री बसून जुळवा, मधलं नाव एके ठिकाणी पूर्ण आणि एके ठिकाणी एकच अक्षर असलं तरी शंका काढतात. शिवाजी विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा अधिकृत उतारा, जूनमध्येच काढायला टाका. बऱ्याच पीएच. डी. प्रोग्रॅमची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते म्हणून पोरं ऑगस्टवर ढकलतात, आणि कृष्णा वर आली की कोल्हापूरचा रस्ता बंद, २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते सगळ्यांना माहितीय.

शिफारसपत्रं तीन लागतात. सर म्हणतात "तूच लिहून आण, मी सही करतो". मॅडमना, सरांना आपल्या प्रोजेक्टचे मुद्दे, मार्क आणि एसओपी असं एका पानावर नेऊन द्या आणि नम्रपणे सांगा, की सर, तुमच्याच शब्दात असू दे. तिन्ही पत्रांची भाषा सारखी निघाली तर कमिटीला कळतं. जीमेलवरनं नको, कॉलेजच्या आयडीवरनं अपलोड करायला सांगा, आयडी नसेल तर महिनाभर आधी तयार करून घ्या.

पैशासाठी जे. एन. टाटा एंडोमेंटची लोन स्कॉलरशिप, म्हणजे परत फेडायची मदत, बघा, १८९२ पासून चालू आहे. अनुसूचित जातीच्या मुलांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात चुकवू नका, आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला जाहिरात यायच्या आधीच काढून ठेवा, तहसीलला त्या आठवड्यात सगळं गाव उभं असतं. आणि ट्रान्स्क्रिप्टच्या दोन सीलबंद प्रती जादा घेऊन घरी ठेवा, तुम्ही गेल्यावर वडलांना कोल्हापूरला हेलपाटा नको.