रीफ टँकमध्ये पाणी घटलं? मीठ घालू नका

उन्हाळ्यात रीफ टँकवर, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, पंखा लावला की पाणी रोज बोटभर उतरतं. नवखा माणूस तिथे मिठाचं पाणी ओततो. मीही ओतलं होतं. वाफ फक्त पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं.

१. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वर आला की पातळीशी काचेवर चिकटपट्टी लावा. संप (टँकखाली जोडलेली दुसरी टाकी) असेल तर पट्टी तिच्यातल्या रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी वर परत ढकलणाऱ्या पंपाच्या, कप्प्यावर. वरच्या टाकीत घट दिसतच नाही.
२. रोज सकाळी पट्टीपर्यंत आरओ-डीआयचं (क्षार जवळपास पूर्ण काढणाऱ्या फिल्टरचं) बिनमिठाचं पाणी सावकाश घाला.

स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी मात्र टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने) आधी तपासा. कित्येकांत चवीसाठी नळाचं पाणी मिसळलेलं असतं. आकडा शून्याच्या आसपास हवा. पाणी बदलताना जितकं काढाल, तितकं मात्र मिठाचंच भरायचं.