स्वस्तातले सेमी-स्लिक आणि हवेचा घोळ: माझा अनुभव

इंग्लंडात राहतो, गाडी जुनी माझदा एमएक्स-५. ऑफिसलाही तीच, ट्रॅकवरही तीच. म्हणून तैवानच्या नानकांग कंपनीचे एनएस-२आर घातले: हे सेमी-स्लिक, म्हणजे रस्त्यावरही चालणारे पण कमी खाचांचे ट्रॅकचे टायर. महागड्या सेमी-स्लिकचा संच खिशाला झेपणारा नव्हता.

कॅसल कूमच्या रेस ट्रॅकवर पहिल्या ३ फेऱ्या मस्त. मग क्वारीच्या वळणावर गाडी सरळच जायला लागली. पिटमध्ये येऊन पाहिलं, तर डाव्या पुढच्या टायरवर रबराच्या बारीक अळ्या वळलेल्या. मनातल्या मनात तैवानला दोन शिव्या दिल्या. मग हवेचा दाब मोजायचा गेज लावला: ३७ पीएसआय! सकाळी १२ अंशांत मीच शहाणपणा करून २९ भरली होती. टायरमधली हवा १० अंशांनी तापली की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो, हे शाळेतलं भौतिक ऐन वेळी विसरलो.

गरम टायरमधूनच हवा सोडून ३० वर आणली. टायरच्या खांद्यावर शाळेच्या खडूने रेघा ओढल्या आणि पुन्हा गेलो. परत आल्यावर रेघा टायरच्या कडेवर छापलेल्या खुणेपर्यंतच पुसलेल्या, म्हणजे टायर कुशीवर लोळत नव्हता. पुढचा भागही पुन्हा वळायला लागला.

घरी निघताना थंड टायरमध्ये जेमतेम २३ उरली होती. ती पुन्हा २६ केली. एम-४ महामार्गावर पाऊस लागला तेव्हा मात्र ट्रकच्या मागे ताशी ५० मैलांनीच आलो. उथळ खाचांना साचलेलं पाणी फेकवत नाही. हिवाळ्यासाठी साधे टायर वेगळे ठेवलेत, बायकोच्या शेडमध्ये.