वाळताना बुडाला पडणारी एस आकाराची चीर

चाकावर मातीकाम करण्यात हयात गेली, तरी ही चीर पिच्छा सोडत नव्हती. भांडं वाळताना, कधी थेट भट्टीतून निघाल्यावर, बुडाच्या मधोमध भेग. माती बदलली, बूड जाड ठेवलं, चिरेत पातळ माती भरली (चीर भट्टीत पुन्हा उघडतेच). वैताग नुसता!

जमलं ते असं: चाकावरचा गोळा उघडला (मध्यात दाबून खळगा केला) की भिंत उचलण्याआधी लाकडी पट्टीने बूड कडेकडून मध्याकडे आणि परत, नीट दाबायचं. भिंत उचलताना तिथली माती आवळली जाते, बुडातली सैलच राहते. म्हणून हीच पायरी कळीची. आत साचलेलं पाणी स्पंजने लगेच टिपायचं. बूड भिंतीइतकंच जाड. काठ बोटाला चिकटेनासा झाला की भांडं उपडं करून वर प्लास्टिक सैलसर पांघरायचं, म्हणजे काठ आणि बूड बरोबरीने आटतात.