या चुका टाळा: वाडी घेतली की पहिला फोन जेसीबीवाल्याला करू नका

कोकणात राजापूरकडे आमची थोडी जमीन आहे, भात, नाचणी, हापूस, काजू, तीन गायी, आणि वरच्या अंगाला रान आहे ते तसंच ठेवलंय. दर मे महिन्यात नवीन जमीन घेतलेलं कोणीतरी भेटतं आणि त्याच त्या चुका सांगतं, तेही कौतुकाने.

पहिली म्हणजे "साफसफाई". झाडी काढली, आता प्लॉट कसा मोकळा दिसतो! अहो मोकळा नाही, उघडा पडलाय. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, खाली जांभा नि वर वीतभर माती, ती धरून ठेवतात करवंदाच्या जाळ्या, त्याच तुम्ही उपटल्यात. वर ढोलीचं म्हातारं झाड "काय कामाचं" म्हणून पाडायचं. धनेश पक्ष्याची मादी अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर बाहेरून उंबरं भरवतो. ढोली नर्सरीत मिळत नाही. शिवाय आंबा, फणस, ऐन, किंजळ विनापरवाना तोडलंत तर 1964 चा झाडतोड कायदा आहेच. माझं म्हणाल तर पहिला पावसाळा हातात फक्त कोयता, पाणी कुठून वाहतं आणि साळिंदर कुठून येतं ते बघत फिरायचं. पण एवढा दम कोणाला असतो!

दुसरी चूक माझीच. भात झोडून पोती पडवीत लावलेली, उंदरांनी फोडली. मी बाजारातनं विषाच्या वड्या आणल्या. आई म्हणाली, गोठ्यावर घुबड आहे ना, जरा धीर धर. मी म्हटलं, घुबड काय हिशेब ठेवतंय? आता त्या विषाने उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस रेंगाळत उघड्यावर फिरतो आणि तसला उंदीर घुबडाला आयताच. आठवड्याभरात गव्हाणी घुबड गायरीजवळ, म्हणजे शेणाच्या खड्ड्याजवळ पडलेलं, पंख पसरून, पत्त्यातल्या बदामासारखा तो पांढरा चेहरा शेणात. आई काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं. वाशाखाली त्याने ओकलेल्या काळ्या गोळ्या होत्या, उंदीर अख्खा गिळून केस-हाडं असं बाहेर टाकतं ते. एक पाण्यात भिजवून फोडली तर तीन कवट्या निघाल्या. म्हणजे हिशेब ठेवत होतं. आता पत्र्याची कोठी, चार पिंजरे, आणि धामण दिसली तर आपण बाजूला व्हायचं, काठी शोधायची नाही.

बाकीचं पटकन. कुंपणात घरचा करंट सोडू नका, गुन्हा आहे आणि डुकराआधी शेजारी मरेल. गवत जाळायची घाई नको, वारा फिरला की वणवा दुसऱ्याच्या कलमांत. विहिरीला कठडा बांधा, तरीही बिबट्या पडलाच तर गर्दी जमवून व्हिडिओ काढत बसू नका, वनखात्याचा 1926 नंबर लावा.

माकडांचं मला विचारू नका. उपाय असता तर यंदा घरच्यांसाठी हापूस विकत आणला नसता.