मेल नको असलेल्या डोमेनला नल एमएक्स कसा लावायचा

डोमेन फक्त वेबसाइटसाठी घेतलंय, मेल नकोच, म्हणून एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या यादीतली, नोंद) काढून टाकला की काम झालं असं बरेच जण धरून चालतात. पण एमएक्स सापडला नाही तर पाठवणारा सर्व्हर ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपी पत्ता) बघतो आणि तुमच्या वेबसर्व्हरचं पोर्ट २५, म्हणजे मेल घेण्याचं दार, ठोठावत बसतो. तिथून उत्तर नाही, म्हणून मेल रांगेत. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये रांगेत थांबण्याचं मूळ सेटिंग ५ दिवसांचं आहे. म्हणजे पत्ता चुकलाय हे पाठवणाऱ्याला पाचव्या दिवशी कळणार.

यासाठी २०१५ च्या आरएफसी ७५०५ या इंटरनेट मानकाने नल एमएक्स, म्हणजे ‘इथे मेल घेतला जात नाही’ असं सांगणारा रेकॉर्ड, दिला. डीएनएस पॅनेलमध्ये एमएक्स प्रकारचा एकच रेकॉर्ड टाका: प्राधान्य ०, मेल सर्व्हरच्या रकान्यात नुसतं टिंब. जुने एमएक्स सगळे काढा, एकही उरता कामा नये. काही पॅनेल टिंब घेतच नाहीत, काही त्याला डोमेनचं नाव जोडून टाकतात. त्यामुळे सेव्ह केल्यावर डिग (डीएनएस तपासायची कमांड) वापरून एमएक्स तपासा. उत्तरात शून्य आणि टिंब, एवढंच दिसलं पाहिजे. टिंबाऐवजी ‘लोकलहोस्ट’ लिहू नका, त्याने पाठवणारा सर्व्हर स्वतःलाच मेल देऊ पाहतो. सबडोमेनला हा रेकॉर्ड आपोआप लागत नाही. ज्या नावाला ए किंवा एएएए (आयपीव्ही६ पत्त्याचा) रेकॉर्ड आहे, त्या प्रत्येकाला वेगळा द्या. मग मेल रांगेत न अडकता लगेच बाउन्स होतो, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत जातो, साधारणपणे ५५६ या नकाराच्या कोडने.

हे झालं येणाऱ्या मेलचं. तुमच्या नावाने खोटे मेल जाऊ नयेत म्हणून एसपीएफमध्ये (डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारा रेकॉर्ड) आवृत्तीनंतर फक्त ‘मायनस ऑल’, म्हणजे कुणालाच परवानगी नाही, आणि डीमार्कमध्ये (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) ‘रिजेक्ट’ धोरण ठेवा. डीमार्कचे अहवाल अर्थातच दुसऱ्या डोमेनवर मागवावे लागतात, आणि त्याला संमती देणारा टीएक्सटी (साध्या मजकुराचा) रेकॉर्ड त्या दुसऱ्या डोमेनच्या डीएनएसमध्ये लागतो. नेमका तोच राहतो, मग अहवाल का येत नाहीत याचा शोध सुरू होतो.

ओटीपी किंवा न्यूजलेटर ज्या डोमेनवरून जातात, त्याला मात्र नल एमएक्स लावू नका. बाउन्स परत यायला जागा उरत नाही, शिवाय काही सर्व्हर असा प्रेषक दिसताच ५५० कोड देऊन मेल नाकारतात. ‘नो-रिप्लाय’ पत्त्यामागेही खरी मेलबॉक्स हवी.

रेकॉर्ड टाकण्याआधी रजिस्ट्रारच्या (जिथून डोमेन घेतलं ती कंपनी) खात्यातला ईमेल याच डोमेनवरचा नाही ना, ते बघा. एसएसएल प्रमाणपत्राची पडताळणी ‘ॲडमिन’ पत्त्यावर येत असेल, तर ती आधी डीएनएसवर वळवा.