स्पेक्ट्रमवर बेसिकमध्ये पहिला खेळ लिहिताय? या चुका टाळा

झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक चालू करा आणि त्याच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत, वरून आंबे पडतात, खाली टोपलीत झेलायचे, असा साधा खेळ लिहा. आंब्याचा रकाना ठरवायला इंट (रँड * ३२) वापरा, म्हणजे ० ते ३१ मधला एक पूर्णांक मिळतो. पहिला आंबा स्क्रीनच्या अगदी डाव्या कडेला, ० नंबरच्या रकान्यात पडेल. दुसरा २ नंबरच्या, तिसरा १३ नंबरच्या. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तरी तेच आकडे, त्याच क्रमाने.

यात मशीन बिघडलेलं नसतं. रँड हे फंक्शन फासे टाकत नाही, ते आधीच्या आकड्यावर गणित करून पुढचा आकडा काढतं, आणि मशीन चालू होताना ही सुरुवात शून्यापासून होते. उपाय एका शब्दाचा आहे : रँडमाइझ. ते लिहिलं की मशीन चालू झाल्यापासून गेलेला वेळ सुरुवातीचा आकडा म्हणून घेतला जातो. हा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागात मोजलेला असतो. म्हणून आधी खेळणाऱ्याला एखादी की दाबायला लावा आणि मग रँडमाइझ करा, कारण प्रत्येक माणूस वेगळ्या क्षणी की दाबतो. मात्र हे एकदाच करायचं. प्रत्येक आंब्याआधी रँडमाइझ केलंत तर आंबे बऱ्यापैकी सारख्या अंतराने सरकत पडू लागतात, आणि चाणाक्ष मुलाला ते दोन मिनिटांत कळतं.

एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर रिसर्चने हे मशीन ब्रिटनमध्ये आणलं, १६ के आणि ४८ के (म्हणजे किलोबाइट मेमरी) अशा दोन प्रकारांत. भारतात १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस परवान्याने बाजारात आणला. त्याच सुमारास क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे दुसरे ब्रिटिश संगणक पोचले होते. आज मशीन नसलं तरी फ्यूजसारखा मोफत एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, लॅपटॉपवर चालतो. शिकायला हे मशीन मला अजूनही सगळ्यात चांगलं वाटतं, कारण तुमच्या आणि त्याच्या मध्ये काहीही उभं नसतं. चूक लगेच समोर येते.

आधी टायपिंग

४८ के स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षर-अक्षर टाइप करायची नसते. कर्सर ‘के’ दाखवत असताना ‘पी’ची की दाबली की पूर्ण ‘प्रिंट’ उमटतं. इथे नवे लोक वैतागतात, पण तासाभरात बोटांना सवय होते. चलाला किंमत देणारा लेट सोडून चालत नाही, तो प्रत्येक वेळी लिहावाच लागतो. ओळीत व्याकरणाची चूक असेल तर एंटर दाबूनही ओळ आत जात नाही आणि चुकीच्या जागी प्रश्नचिन्ह लुकलुकतं. अशा वेळी सगळी ओळ पुसून पुन्हा लिहू नका, त्या प्रश्नचिन्हाच्या आसपासच बघा.

आडवं आधी की उभं आधी?

प्रिंट अॅटला आधी ओळ द्यायची, मग रकाना. ओळी वरून खाली ० ते २१, रकाने ० ते ३१. ठिपका काढणाऱ्या प्लॉटचं बरोबर उलटं आहे. तिथे आधी आडवा आकडा, मग उभा, आणि शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात. त्यामुळे प्लॉटने काढलेली फांदी वर जाते आणि प्रिंटने टाकलेला आंबा खाली येतो. एक्स आणि वाय अशी नावं ठेवण्याऐवजी चलांना ‘ओळ’ आणि ‘रकाना’ सुचेल अशी नावं द्या, अर्धा गोंधळ तिथेच संपतो. खेळ ‘आउट ऑफ स्क्रीन’ म्हणून थांबला तर बहुधा ओळीचा आकडा २२ झालेला असतो. रकाना ३२ झाला की ‘इंटिजर आउट ऑफ रेंज’ येतं.

टोपली हलत नाही, किंवा उलटी हलते

की वाचायला इनपुट वापरलं तर खेळ एंटरची वाट बघत थांबतो आणि आंबा हवेत लटकतो. त्याऐवजी इनकी-डॉलर हवं, ते न थांबता त्या क्षणी दाबलेली की सांगतं. दर फेरीत ते एकदाच वाचून के-डॉलरमध्ये ठेवा आणि पुढे तेच वापरा. मग टोपली प्रोग्रामच्या एका ओळीत हलते (इथे एक्स म्हणजे टोपलीचा रकाना) :

लेट एक्स = एक्स + (के-डॉलर = "८") − (के-डॉलर = "५")

स्पेक्ट्रमवर खऱ्या विधानाची किंमत १ असते. बीबीसी मायक्रोवर ती उणे १ असते, त्यामुळे हीच ओळ तिथे टोपली विरुद्ध दिशेला नेते. तिथे रँडही वेगळं वागतं आणि छापायच्या जागेचे आकडेही उलट क्रमाने द्यावे लागतात. दुसऱ्या मशीनचा प्रोग्राम उतरवून घेताना आधी या तीन गोष्टी तपासा.

याच भागात आणखी एक चूक हमखास होते. ‘इफ एक्स > ३१ देन लेट एक्स = ३१’ लिहून त्याच ओळीत कोलन (:) देऊन पुढे टोपली छापायची आज्ञा लिहिली, तर टोपली कडेला आपटल्यावरच छापली जाते. देननंतरची सगळी ओळ अटीला बांधलेली असते. छपाई नव्या ओळीवर घ्या.

लुकलुक आणि मंदपणा

दर फेरीत सीएलएस (सगळा पडदा पुसायची आज्ञा) केलं की पडदा डोळ्यांना त्रास होईल इतका लुकलुकतो. फक्त आंब्याच्या जुन्या जागी एक मोकळी जागा छापा आणि लगेच नव्या जागी आंबा छापा. या दोन आज्ञांच्या मध्ये हिशेब करू नका.

गो टू, म्हणजे दिलेल्या ओळीवर उडी मारायची आज्ञा, मिळालं की स्पेक्ट्रम ती ओळ प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून शोधत खाली येतो. म्हणून सतत फिरणारा भाग वर ठेवा आणि एकदाच लागणारी तयारी ९००० नंबरच्या ओळीपुढे नेऊन गो सबने (तिथे जाऊन रिटर्नने परत यायची आज्ञा) बोलवा. ही साधी अदलाबदल मी प्रत्येक शिकणाऱ्याला करायला लावतो, कारण फरक डोळ्यांना दिसतो. बीपचंही तसंच : आवाज संपेपर्यंत बाकी सगळं थांबतं. अर्ध्या सेकंदाऐवजी ०.०२ पुरे.

उशिरा दिसणारी चूक

खेळ बराच वेळ छान चालतो आणि अचानक ‘आउट ऑफ मेमरी’ येतं. अशा वेळी गो सब बघा. तिथून रिटर्नने न परतता गो टूने बाहेर उडी मारली असेल तर परतीचा पत्ता मेमरीत तसाच राहतो, दर वेळी ३ बाइट. दर फेरीला ३ बाइट साचत जातात. ही चूक मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती जिथे झाली त्या ओळीवर दिसतच नाही.

आंबा झेलला, पण गुण नाही

आंबा टोपलीत आला का हे बघायला काही जण स्क्रीन-डॉलर (पडद्यावरच्या जागेतलं अक्षर सांगणारं फंक्शन) वापरतात, पण स्वतः काढलेलं चित्र ते ओळखत नाही, रिकामी स्ट्रिंग देतं. त्याऐवजी अॅटरने त्या चौकटीचा रंग विचारा. पांढऱ्या कागदावर लाल शाई असेल तर ५८ येतं, म्हणजे ७ गुणिले ८ अधिक २. मात्र टोपली छापण्याआधी विचारा, नाहीतर उत्तर टोपलीच्या रंगाचं मिळेल. एकच आंबा असेल तर त्याचा आणि टोपलीचा रकाना जुळतो का, एवढं बघितलं तरी भागतं.

दुरुस्ती करताना रनऐवजी गो टूने सुरू करत जा. रन सगळी चलं पुसतं, आतापर्यंतचे सर्वाधिक गुणसुद्धा. खऱ्या मशीनवर काम संपवताना सेव्ह केल्यावर कॅसेट मागे घ्या, व्हेरिफाय (टेपवरचा प्रोग्राम मेमरीतल्या प्रोग्रामशी ताडून बघायची आज्ञा) द्या आणि टेप पुन्हा वाजवा. खाली ‘ओके’ दिसलं की मगच वीज बंद करा.