कडधान्य एकदाच शिजवा, बिनमसाल्याचं

बाजारात जाण्याआधी फ्रीज उघडून बघा. जे आधी खराब होणार, त्यावरून आठवड्याच्या पहिल्या दोन दिवसांच्या जेवणाचा बेत ठरवा. कांदे-बटाटे, कोबी थांबू शकतात.

खरी बचत कडधान्यात आहे. सुट्टीच्या दिवशी अर्धा किलो रात्रभर भिजवून नुसत्या पाण्यात मऊ शिजवा, वजन दुपटीहून थोडं जास्तच भरतं. मसाला मुळीच नको. एकदा फोडणी पडली की रोज तीच चव, आणि मुलं ताट सरकवतात. साधंच ठेवलं तर एक दिवस रस्सा, एक दिवस सूप, कधी भातात. पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. ३-४ दिवसांत संपेल तेवढंच तिथे, बाकीचं एकेका जेवणापुरते डबे भरून फ्रीझरमध्ये. शिजवणीचं पाणी ओतून देऊ नका, रस्सा त्यानेच दाट होतो.